वाड्याचं सागवान रो हाऊसला थंड करेल का?

नाशिकला मावशीकडे एप्रिल-मे महिन्यांत रात्रीची जेवणं झाली की सगळे खालीच रेंगाळतात. वर झोपायला जायला कुणी तयार नसतं. घर १९८८ सालचं रो हाऊस आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, त्यावर उघडी गच्ची. गेल्या उन्हाळ्यात मी वरच्या खोलीत स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघितला. रात्रीचे अकरा वाजले होते, अंगणात चांगला गार वारा सुटला होता, आणि छत मात्र नुकतीच इस्त्री फिरवलेल्या चादरीसारखं लागत होतं.

मावसभावाचं म्हणणं, दोन टनांचा एसी बसवून टाकू. मावशीचं म्हणणं, बसव, पण बिल तू भर. त्यात दारं-खिडक्यांच्या दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींनी तिसरंच पिल्लू सोडलं. "गावातल्या एका वाड्याचं सागवान आलंय वखारीत. त्याची तक्तपोशी मारा, घर गारेगार होतं की नाही बघा."

तक्तपोशी म्हणजे छताखाली मारलेलं फळ्यांचं अस्तर. जुन्या वाड्यांतून बसलेल्यांना ती चटकन आठवेल. आजकाल रील्समध्येही हेच दिसतं: जुनं लाकूड वापरा, वीज वाचवा. मिस्त्रींचं बोलणं अर्धं खरं निघालं. कुठलं अर्धं, ते शोधायला मला दोन महिने आणि बरीच आकडेमोड लागली.

आधी हे घर तापतं कुठून?

रो हाऊसची गंमत अशी, की त्याच्या दोन लांब भिंती शेजाऱ्यांच्या घरांना चिकटलेल्या असतात. तिकडून ऊन येत नाही. मावशीचा प्लॉट २० बाय ३० फुटांचा आहे. म्हणजे गच्ची ६०० चौरस फूट. पुढची आणि मागची भिंत दोन्ही मजले धरून मिळून ८०० चौरस फूट, पण तिथे दिवसातले काही तासच ऊन असतं. गच्चीवर सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत.

शून्य सावलीच्या दिवसाची बातमी दर मे महिन्यात पेपरात येते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी बाटलीची सावली बाटलीखालीच लपते. नाशिकला तो दिवस साधारण २० मेच्या आसपास येतो. मुलांसाठी ती मजा असते, गच्चीसाठी मात्र तो परीक्षेचा काळ. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या भिंतीवर ऊन फारसं पडत नाही, सगळा मारा छतावर होतो. दुपार कलली की पश्चिमेची खिडकी तापायला लागते. म्हणून रो हाऊसचे दोनच खरे शत्रू: वरची गच्ची आणि पश्चिमेची काच. रांगेतलं शेवटचं घर असेल तर तिसरा शत्रू म्हणजे उघडी पडलेली लांब भिंत.

मग रात्री अकराला छत गरम का? सिमेंटचा स्लॅब आणि त्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा म्हणजे चुलीवरचा जाड तवा. तापायला वेळ लावतो, आणि विस्तव विझवल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. दुपारी दोनची उष्णता तो झिरपत झिरपत संध्याकाळनंतर तुमच्या पलंगावर सोडतो. पंखा लावला की तीच गरम हवा ढवळली जाते.

यू-व्हॅल्यू: एवढा एकच अवघड शब्द

छताच्या किंवा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता पलीकडे जाते, त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका मोठा तितकं घर गळकं. पाण्यासाठी गळकी टाकी, तसं उष्णतेसाठी गळकं छत.

मावशीच्या छताची यू-व्हॅल्यू कोबा-प्लास्टर धरून साधारण २.५ निघते. गच्ची ५५ चौरस मीटर. काळवंडलेल्या उघड्या गच्चीचा पृष्ठभाग एप्रिलच्या दुपारी ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. खोलीत ३० अंश धरा. फरक ३० अंशांचा. आता गुणाकार: ५५ गुणिले २.५ गुणिले ३०, म्हणजे ४,१२५ वॅट.

एसीच्या भाषेत एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. तेव्हा हे नुसतं छतच सव्वा टनाच्या एसीला जवळजवळ पूर्ण कामाला लावतं. माणसं, फ्रिज, खिडक्या अजून मोजल्याच नाहीत. हिशोब ढोबळ आहे. स्लॅब उष्णता साठवून उशिरा सोडतो, त्यामुळे दिवसभर हाच आकडा राहत नाही. पण अंदाज यायला पुरे.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली नव्या घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नको असं म्हटलंय. आपल्याकडचा नेहमीचा स्लॅब त्याच्या दुप्पट आहे. १९८८ साली हे कुणी विचारतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही साइटवर फारसं कुणी विचारत नाही.

लाकूड किती अडवतं?

वरणाच्या पातेल्यात स्टीलचा डाव ठेवून गेलात तर परत आल्यावर हात भाजतो. लाकडी डाव ठेवला तर भाजत नाही. लाकूड उष्णतेला सहज वाट देत नाही, हे आजीला कुठल्याही सूत्राशिवाय ठाऊक होतं. सागवानापेक्षा काँक्रीट उष्णता साधारण नऊ-दहा पट जास्त वाहून नेतं, आणि ॲल्युमिनियम हजार पटीच्या आसपास.

इथपर्यंत मिस्त्री बरोबर. पण फळी असते पाऊण इंचाची. पाऊण इंच सागवानाची तक्तपोशी स्लॅबखाली चार इंच सोडून मारली, तर तो ४,१२५ चा आकडा साधारण २,४०० वर येतो. छान वाटतं ना? पण त्यातलं अर्ध्याहून अधिक श्रेय फळीचं नाहीच. ते फळी आणि स्लॅब यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेचं आहे. फळीच्या जागी जिप्सम बोर्ड लावला असता तरी फार मोठा फरक पडला नसता.

आता त्याच पोकळीत फळ्यांवर दोन इंच रॉकवुलची गादी पसरा. रॉकवुल म्हणजे दगड वितळवून काढलेला कापसासारखा धागा. आकडा थेट नऊशे वॅटच्या आसपास येतो. तेवढं काम नुसत्या सागवानाकडून करून घ्यायचं असेल तर आठ इंच जाड सागवान लागेल. आठ इंच! एवढ्यात गावाकडे दोन खोल्यांचं घर उभं राहील.

गोधडीचं तत्त्व हेच आहे. गोधडीत ऊब कापडामुळे येत नाही, थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे येते. हवा हलली नाही की ती उत्तम अडथळा असते. लाकडाचं काम गोधडीच्या वरच्या लुगड्याचं: आतला थर धरून ठेवायचा आणि दिसायला देखणं असायचं.

वाड्यांना हे माहीत होतं. कौलं आणि राहत्या खोलीच्या मध्ये माळा असायचा. तिथे कांदे, जुनी भांडी, लग्नाची ताटं, आणि भरपूर हवा. मराठवाडा-सोलापूरकडच्या धाब्याच्या घरांत लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. लाकूड एकटं कधीच नव्हतं. आपण घरं बांधताना माळा काढून टाकला, आणि आता त्याच वाड्याच्या फळ्या विकत आणून तो सहा इंचांत परत बसवतोय.

आतून करायचं की वरून?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. आतून अडवलं तर उष्णता खोलीत येत नाही, पण स्लॅब पूर्वीसारखाच तापत राहतो. तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि वर्षानुवर्षांच्या या कसरतीत तडे जातात. पावसात त्याच तड्यांतून पाणी येतं, आणि तक्तपोशी असली की गळती दिसत नाही. फळ्यांवर पिवळे डाग उमटले की कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून शक्य असेल तर पहिलं काम गच्चीवर. सगळ्यांत स्वस्त उपाय पांढरा रंग किंवा चुना. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, गच्ची दहा-पंधरा अंशांनी कमी तापू शकते. चुन्यात फेव्हिकॉल मिसळून हात मारायची पद्धत आपल्याकडे आहेच. पावसात तो धुऊन जातो आणि दर मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो, ही त्याची किंमत. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक जास्त टिकतं. सौर पॅनेल बसवणार असाल तर त्यांचीही सावली गच्चीवर पडते. 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेव्हा तो विचार याच वेळी केलेला बरा.

मावशीकडे शेवटी तीन गोष्टी ठरल्या. गच्चीची गळती बंद करून वर पांढऱ्या टाइल्स. रॉकवुलसकट तक्तपोशी फक्त वरच्या दोन बेडरूममध्ये, आणि तिच्यात एका कोपऱ्यात उघडता येणारी फळी, म्हणजे वर्षातून एकदा टॉर्च घेऊन डोकावता येईल. खाली काहीही नाही, कारण खालच्या मजल्याचं छत म्हणजे वरच्या मजल्याची जमीन. तिथून ऊन येत नाही. तिथे तक्तपोशी मारणं हौस आहे, वीजबचत नाही.

उंचीही मोजून घ्या. राहत्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची हवी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. साडेनऊ फुटांच्या खोलीत सहा इंच गेले की पंख्याची दांडी कापावी लागते. आमच्याकडे कापावी लागली.

खिडकी: छत्री दाराबाहेर उघडायची

जुन्या लाकडाची खरी कमाई मला पश्चिमेच्या खिडकीत दिसली.

चार बाय चार फुटांची साधी काचेची खिडकी. संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात तिच्यातून सहज ७०० वॅट उष्णता आत येते. म्हणजे भर मे महिन्यात खोलीत ७०० वॅटचा रूम हीटर लावून ठेवल्यासारखं. लोक काय करतात? आतून जाड पडदा लावतात. पण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. पावसात घरात शिरून मग छत्री उघडण्यासारखं आहे हे.

ऊन काचेला लागायच्या आधी अडवलं पाहिजे. दक्षिणेला आडवा छज्जा पुरतो, कारण तिकडे सूर्य उंच असतो. पश्चिमेला सूर्य खाली येऊन समोरून बघतो, तिथे छज्जा बिचारा काही करू शकत नाही. तिथे हव्यात काचेबाहेर लाकडी पट्ट्यांच्या झडपा, जुन्या बंगल्यांना आणि रेल्वेच्या डब्यांना असायच्या तशा. पट्ट्या तिरक्या केल्या की ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो, आणि समोरच्याला आपण दिसत नाही. बाहेर, उन्हात, पावसात, हलक्या पट्ट्या: हे काम जुन्या सागवानासाठीच आहे. ॲल्युमिनियमच्या झडपाही मिळतात, पण त्या स्वतः तापून काचेकडे उष्णता फेकतात. शिवाय धातूशास्त्राच्या हिशोबाने एक किलो नवं ॲल्युमिनियम काढायला १३ ते १५ युनिट वीज जाते. वाड्याच्या वाशाला ती कधीच लागली नव्हती.

चौकटींचं मात्र फार मनावर घेऊ नका. लाकडी चौकट ॲल्युमिनियमपेक्षा कमी उष्णता आत आणते हे खरं, पण खिडकीत चौकटीची जागा असते किती? त्यापेक्षा फटी बघा. दाराभोवती तीन मिलिमीटरची फट असेल, तर सगळी फट एकत्र करून साधारण सव्वापाच इंच लांब आणि तितकंच रुंद भोक होतं. एसी लावून भिंतीला एवढं भोक कुणी ठेवेल का? दाराला रबरी पट्टी लावायला अर्धा तास लागतो, आणि अख्ख्या यादीत पैशाला सर्वांत जास्त फळ देणारं काम तेच असेल.

"एवढ्या खटाटोपापेक्षा मोठा एसी घेतला तर?"

मावसभावाचा हा प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही. गळक्या टाकीला मोठी मोटर लावली तरी टाकी भरते, नाही असं नाही. पण मोटर थांबली की टाकी रिकामी. तापलेल्या छताखाली एसी बंद केल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा उकडतं, कारण हवा गार झाली तरी छत आणि भिंती गरमच असतात. आपल्याला उकडतं ते नुसत्या हवेमुळे नाही. तापलेलं छत थेट अंगावर उष्णता फेकतं, शेकोटीजवळ गाल तापतात तसं. म्हणून मग लोक एसी १८ वर नेतात. छत गार असेल तर २६ वरही पंख्यासोबत झोप लागते. सेटिंग एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना आपोआप २४ वर असतात ते त्याच हिशोबाने.

मुंबई-कोकणात गणित थोडं वेगळं. तिथे रात्रही गार होत नाही आणि घाम वाळत नाही, त्यामुळे वारा खेळता राहणं सगळ्यांत महत्त्वाचं. नाशिक, पुणे, संभाजीनगरला रात्र उतरते. दिवसा घर बंद, रात्री पुढची-मागची खिडकी उघडी, एवढ्यानेही फरक पडतो. रो हाऊसला वारा पुढून मागेच जाऊ शकतो. मधल्या जिन्याचं वरचं दार रात्री उघडं ठेवलं तर गरम हवा धुराड्यासारखी वर निघून जाते. आणि निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात त्या आठवड्यांत हीच रॉकवुलची गादी उलटं काम करते, आतली ऊब आत ठेवते.

जुनंच सागवान कशाला?

नवं सागवान मिळतं, प्लायवुड मिळतं. मग जुन्याच्या मागे का लागायचं?

पहिलं कारण, ते वाळलेलं असतं. शंभर-सव्वाशे पावसाळे बघून ज्याला वाकायचं होतं ते वाकून झालेलं असतं. लागवडीचं कोवळं सागवान घाईने वाळवलेलं असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधे उघडतात. दुसरं, जुन्या वाड्यांतलं बरंचसं लाकूड जंगलातल्या सावकाश वाढलेल्या झाडांचं आहे, काही ब्रह्मदेशातून आलेलं. 'बॉम्बे बर्मा' ही सागवानाचा व्यापार करणारी कंपनी १८६३ सालची. अशा लाकडात वर्षांच्या रेषा दाट असतात आणि गाभ्याचा भाग जास्त असतो. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवीला ते मानवत नाही.

तिसरं कारण हवेतल्या कार्बनचं. बारा बाय बारा फुटांच्या खोलीला पाऊण इंची फळ्या मारायला ९ घनफूट लाकूड लागतं. त्याचं वजन १६५ किलोच्या आसपास, त्यातलं जवळजवळ निम्मं कार्बन. ते जाळलं तर सुमारे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. आणि ते खरोखर जळतं. वाडा पडतो, चांगल्या तुळया वखारीत जातात, उरलेलं भट्टीत. मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांच्या धुराचा विषय २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो उगीच नाही. पण हेही सांगायला हवं: चालू स्थितीतला वाडा लाकडासाठी पाडणं यात कसलीही बचत नाही. जो पडलाय, त्याचंच लाकूड.

वखारीत एक सकाळ

मिस्त्रींबरोबर मी गेलो. पुण्यात हे करायचं तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे, प्रत्येक मोठ्या गावात अशी एखादी गल्ली असते. समोर तुळयांचा ढीग, वर चुना, काजळी, दोन-तीन रंगांचे पापुद्रे, एका खांबावर कुणीतरी खडूने लिहिलेला दुधाचा हिशोब. मला सगळं सारखंच दिसत होतं.

मिस्त्रींनी खिशातून जुना चाकू काढला आणि तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत गाडलेली असते तिथे, खुपसला. पातं दोन इंच आत गेलं. "ही मेली." पुढची. पातं अडलं, खर्र आवाज आला. "ही चालेल." टोकं भिंतीतल्या ओलीने आधी कुजतात, म्हणून परीक्षा टोकाची. मग त्यांनी हातोडी मारून आवाज ऐकला, घड्याला टिचकी मारतात तसा. भरीव तुळई टणत्कार करते, आतून पोखरलेली थप्प वाजते. तासणीने एक कपची काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. सव्वाशे वर्षांनंतरही चामड्यासारखा, किंचित तेलकट वास. आत रंग मधासारखा. कडेला बोटभर पांढुरका पट्टा होता. तो भाग कापून टाकायचा, कारण भुंगा लागतो तो तिथेच.

खिळे हा मोठा प्रश्न. घडीव चौकोनी खिळे लाकडाच्या पोटात मोडून बसलेले असतात आणि वरून दिसत नाहीत. करवतीच्या गिरणीत एक खिळा लागला की पातं गेलं, म्हणून गिरणीवाले जुनं लाकूड बघून तोंड वाकडं करतात. हातात धरायचा धातुशोधक फिरवून घ्यायचा आणि काढण्याची मजुरी आधीच ठरवायची. शिवाय भाव घनफुटाला ठरतो तो अख्ख्या तुळईवर. कुजकी टोकं, सांध्यांची भोकं, पांढरा भाग आणि भुसा वजा जाता ९ घनफुटांच्या कामाला १२-१३ घनफूट घ्यावं लागतं. वखारवाला हे सांगत नाही, मिस्त्री सांगतो.

दोन प्रकारचं लाकूड स्वस्त दिसलं तरी घरात आणू नका. एक, रेल्वेचे जुने स्लीपर. त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरापासून काढलेलं औषध पाजलेलं असतं, ते उन्हात पाझरतं आणि अंगाला चांगलं नाही. दुसरं, खोक्यांचं पाइन. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, आतल्या कामाला चालतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. ते सोडून द्या.

आणि जुना रंग. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस कडक मर्यादा आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या पोटात जाणं सगळ्यांत वाईट. ओला करून खरवडा, तेही घराबाहेर, तोंडाला मास्क लावून. लाकूड घरी आणल्यावर लगेच ठोकू नका. दोन-तीन आठवडे त्याच खोलीत फळ्यांमध्ये चिपा घालून रचून ठेवा, म्हणजे तिथल्या हवेला ते सरावतं.

वाळवी, पाऊस, आग आणि शेजारी

वाळवी जुन्या सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण ती त्यावरून चालत जाऊन दुसरीकडे शिरते. जमिनीला किंवा ओल्या भिंतीला लाकूड टेकवू नका. बाहेरच्या झडपांना उकळलेलं अळशीचं तेल, रंगारी त्याला बेलतेल म्हणतात, वर्षाआड लावा. उन्हाने सागवान राखाडी होतं. तो रंग आहे, रोग नाही. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत जास्त शिरतं, तिथे तेलाचे दोन हात जादा.

आगीची भीती खोटी नाही. तक्तपोशीवर रॉकवुल घालायचं ते यासाठीही, कारण रॉकवुल जळत नाही. साधा थर्माकोल पेटतो. छतातली सगळी वायरिंग पाइपातून न्या, जोड डब्यात घ्या, आणि १९८८ ची वायर असेल तर याच वेळी बदला.

शेजारच्या सामाईक भिंतीत जड तुळई खोचायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नका. ती भिंत निम्मी त्यांची आहे. दर्शनी भागावर झडपा लावायच्या तर सोसायटीची परवानगी घ्या. सागवान वाहून नेताना वखारीचं बिल गाडीत ठेवा, आणि लांबून आणणार असाल तर परवान्याचं आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

बिलात किती फरक पडेल?

नेमका आकडा सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो. तुमचा एसी किती तास चालतो, घर कुठल्या तोंडाचं, यावर सगळं आहे. एसीच नसेल तर बिल कमी होणार नाही, फक्त झोप लागेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, मग चौथा. वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महागड्या पायरीवरून उतरतात. त्यामुळे युनिट जितके टक्के कमी होतात, त्याहून रक्कम जास्त टक्क्यांनी कमी होते. गेल्या एप्रिल-मेची बिलं काढा, फेब्रुवारीचं शेजारी ठेवा. मधला फरक म्हणजे तुमचा उन्हाळ्याचा खर्च, आणि बचत होईल ती त्यातूनच.

पैसे मोजके असतील तर माझा क्रम असा: दारांच्या फटी, गच्चीला पांढरा रंग, पश्चिमेच्या झडपा, मग रॉकवुल, आणि तक्तपोशी सर्वांत शेवटी. मावशीने अर्थात तक्तपोशी आधी केली. तिला ती आवडली होती, आणि तिचं घर आहे. एका फळीत झोपाळ्याच्या कडीचं भोक निघालं. मिस्त्री ते बुजवायला निघाले होते, तिने बुजवू दिलं नाही.

झडपांच्या दोन पट्ट्या मात्र कमी पडल्या. वरच्या बेडरूमच्या खिडकीचा डावा कोपरा अजून उघडा आहे, आणि संध्याकाळी साडेपाचला तिथून उन्हाचा एक हातभर चौकोन बरोबर उशीवर पडतो. वखारवाल्याला विचारलं, तर म्हणाला, त्याच जाडीचं आता शिल्लक नाही. गावात आणखी एका वाड्याचं बोलणं चाललंय, पडला की फोन करतो.